वाचक विचारतात : सदाफुलीच्या पेशी आणि पिको-फॉल

प्रश्न : माझा भाचा केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये कामाला आहे. परवा आमच्या कंपाऊंडमधली सदाफुली बघून म्हणाला, मामी, हिच्या पेशी बाटलीत वाढवल्या आणि त्यांना एक केमिकल दिलं ना, तर त्या त्याचं दुसरंच काहीतरी करून देतात. फेकतोय का तो? आणि खरं असेल तर कारखानेवाले का नाही करत हे सगळीकडे?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नाही हो ताई, भाचा खरं बोलतोय. फक्त केळीत पेशींपासून परत रोप काढायचं असतं, इथे रोप होऊच द्यायचं नाही. पानाचा तुकडा साखर, क्षार, हार्मोनच्या मीडियावर, म्हणजे पेशींच्या खाद्यावर, ठेवला की फिकट भुसभुशीत गोळा येतो, त्याला कॅलस म्हणतात, तो पातळ मीडियात टाकून शेकरवर फिरवत ठेवला की पाणी जास्त झालेल्या खिचडीसारखं दिसतं, तेच कल्चर.

आता यात हायड्रोक्विनोन घालायचं, जुने फोटोवाले डेव्हलपरमध्ये वापरायचे ते. पेशीला ते विषच. मग ती काय करते, त्याला ग्लुकोज चिकटवते आणि आपल्याच पोटात साठवून ठेवते, आणि झालं आर्ब्युटिन, डागांच्या क्रीममध्ये असतं ते! म्हणजे साडी आपली, पेशी फक्त पिको-फॉल करून देते. एकदम ओतलं तर पेशी मरतात, थोडं थोडं द्यावं लागतं. सर्पगंधाच्या पेशींनी तर १९९२ च्या एका प्रयोगात लिटरमागे १८ ग्रॅम काढलं, वनस्पतीपेशींच्या मानाने हे भरपूर झालं.

मला स्वतःला गाजराचं जास्त आवडतं. हैदराबादच्या आयआयसीटी या रसायन संशोधन संस्थेतल्यांनी २००२ मध्ये छापलं, कल्चरबिल्चर काही नाही, बाजारातल्या गाजराचे तुकडे पाण्यात, त्यात कीटोन नावाच्या प्रकारचं रसायन टाकलं की त्याचं अल्कोहोल होतं, आणि रेणूच्या डाव्या-उजव्या (आरशातल्या प्रतिमेसारख्या) रूपांपैकी बहुतेक एकाच रूपाचं, जे जमवताना केमिस्टच्या नाकी नऊ येतात.

कारखान्याचं म्हणाल तर अडचण वेळेची. काही बॅक्टेरिया वीस मिनिटांत दुप्पट होतात, या पेशींना दिवस-दोन दिवस लागतात, तेवढ्यात एखादी बुरशी शिरली की सगळी बॅच गटारात (कंटॅमिनेशन म्हटलं की भाच्याचा चेहरा बघा कसा होतो). आणि सर्पगंधातलं ते साखर चिकटवणारं एन्झाइम बॅक्टेरियाकडूनही बनवून घेता आलंय, त्यामुळे पिको-फॉलवाला शेजारच्या गल्लीत, तोही जास्त झटपट, मिळाला म्हणा ना.