कॉलेज बेसबॉल कोचिंगला सुरुवात करतोयस, मग आधी एवढं बघ

अरे मस्त, कोचिंगमध्ये यायचं ठरवलंस हे वाचून खरंच आनंद झाला. आधी अमेरिकेतला नावाजलेला कॉलेज बेसबॉल कोच ऑगी गॅरिडो याचं करिअर नीट बघ. १९७३ ला तो कॅल स्टेट फुलर्टन युनिव्हर्सिटीला कोच म्हणून आला तेव्हा ती टीम डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातही नव्हती, १९७५ ला वर आली आणि त्याच वर्षी ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज टीम्सच्या राष्ट्रीय टायटलची शेवटची स्पर्धा, खेळली, पण टायटल मिळायला १९७९ उजाडलं. पुढे १९८४, १९९५ आणि मग टेक्सास युनिव्हर्सिटीकडून २००२, २००५!

नवीन लोकांच्या चुका ठरलेल्या असतात:

- मोठ्या कॉलेजची वाट बघत बसणं. छोट्या ठिकाणी मिळेल ते काम घे, मैदान आखायचं असलं तरी.
- पहिल्याच सीझनला होम रनच्या मागे लागणं. गॅरिडोच्या टीम्स बंट (बॅट न फिरवता बॉल हळूच जवळ टेकवणं), पिचिंग, फील्डिंगवर जिंकायच्या, म्हणून तू रोज बंट आणि साधं कॅच-थ्रो घे, पोरं कंटाळली तरी घे, कारण टाइट मॅचमध्ये हेच कामाला येतं.

आणि एका चुकीवरून पोराला लगेच बाहेर बसवू नकोस, घाबरलेलं पोरगं अजून चुकतं.

रिक्रूटिंग, स्कॉलरशिपचं गणित आत्ता डोक्यात घेऊ नकोस, ते पुढच्या वर्षी बोलू. पहिल्या प्रॅक्टिसचा प्लॅन मात्र लिहून काढ आणि इथे टाक, मी बघतो.