ट्यूलिप, हळद आणि चार वर्षांचे हात

शिमगा नुकताच झाला होता. दापोलीजवळच्या एका किनारी गावातून आई, आजी आणि चार वर्षांचा मुलगा असे तिघे मुलाच्या हातांबद्दल विचारायला माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बसायच्या आधीच आईने मोबाइल पुढे केला. बालवाडीच्या ग्रुपवर ‘वसंत ऋतू’ म्हणून मुलांच्या कागदी ट्यूलिपचे फोटो आले होते. पाकळ्या रेखीव, देठ सरळ. “आणि हे आमचं,” म्हणत तिने पुढचा फोटो दाखवला. डिंकात भिजून चुरगळलेला कागद आणि कोपऱ्यात लाल फराटे.

“मॅडम, याचा हात मंद आहे का? बोटाला डिंक लागला की रडतो. आता तर कात्री काढली तरी पळून जातो.”

हीच काळजी थोड्याफार फरकाने दर वर्षी माझ्यासमोर येऊन बसते. शर्टाची बटणं लावायला बघतो का, भात हाताने खातो का, खडूने रेघोट्या मारतो का, असं मी विचारत होते. तेवढ्यात आजी म्हणाल्या, “मंद कसला हो! माझ्यासोबत डाळिंब्या सोलायला बसतो. एक तुटत नाय.”

मोड आलेल्या वालाची साल काढून डाळिंबी अख्खी ठेवायची, तर अंगठा आणि तर्जनीची पकड लागते, दाब किती द्यायचा याचा अंदाज लागतो. माझी निम्मी तपासणी आजींच्या त्या एका वाक्यात झाली.

मी आईला मनगटाबद्दल सांगितलं. मनगटात आठ छोटी हाडं असतात, पण जन्माच्या वेळी ती मऊ, लवचीक कूर्चेचीच असतात. चौथ्या वर्षापर्यंत साधारण निम्मीच हाडं तयार होऊ लागलेली असतात. या वयात मूल गोल काढतं, अधिकची खूण काढू लागतं, पण त्रिकोण बहुधा पाचव्या वर्षाच्या आसपास जमतो. नागमोडी कडेवरून कात्री फिरवणं तर त्याहून पुढचं काम. “मग बाकीच्या मुलांना कसं जमलं?” तिने विचारलं. मी उलट विचारलं, “याआधीचं फुलपाखरू कोणी केलं होतं?” ती जरा थांबली. “मीच. रात्री दहा वाजता.”

मला वाईट वाटलं ते त्या मुलाचं. त्याने चिकटवलेली पाकळी दर वेळी उचलून ‘नीट’ लावली जात होती. आपलं काम पुसलं जातं हे चार वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं आणि मग ते हात मागे घेतं. शिवाय ट्यूलिप त्याने कधी पाहिलेलंच नाही. त्याच्या घरामागे काटेसावर लाल फुलली होती, खाली फुलांचा सडा पडलेला, आणि वसंत मात्र छापील कागदातून शिकवला जात होता. आपल्याच किनाऱ्यावर, वर बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. बिया, पानं, शिंपले, माती हीच त्यांची साधनं होती. हे मी प्रत्येक पालकाला सांगते, कारण पैशांचं आणि दुकानाचं ओझं त्याने खरंच उतरतं.

डिंक मी तीन आठवडे बंद करायला सांगितला. आधी कोरडं काम: ताटात वाळू पसरून बोटाने रेघा, सावरीच्या गळलेल्या पाकळ्या अंगणात गोल मांडणं. मग दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी घालून घट्ट गोळा. त्यात शिंपला दाबला की नक्षी उमटते. झावळीच्या पातीची भिंगरी आजींनी वळायची, ती घेऊन वाऱ्यात धावायचं काम मुलाचं. शेजारी ओला पंचा ठेवायचा, हवा तेव्हा हात पुसता यावा म्हणून. आईने फक्त बसायचं, हात लावायचा नाही. हे तिला सगळ्यांत अवघड गेलं.

काही गोष्टी मात्र मी कडकपणे बजावल्या. लाल-काळी गुंज दिसायला सुंदर, पण विषारी, घरात आणायचीच नाही. कण्हेर नको. ओल्या काजूबीच्या सालीतलं तेल आणि कैरीचा चीक कातडी भाजतो. चिंचोके, मणी तोंडात जातात, तेव्हा मोठं माणूस शेजारी हवंच. आणि मुलगा एकच हात वापरत असेल, आधी जमत असलेलं विसरत असेल, किंवा चिकट अन्न, कपड्याची शिवण अशा सगळ्याच स्पर्शांना रडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. याच्यात तसं काही नव्हतं.

खरा बदल झाला तो हळदीने. कागदावर पाण्यात कालवलेली हळद फासायची, वाळू द्यायची आणि मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ठिपके द्यायचे, असं मी सुचवलं होतं. साबणातल्या अल्कलीमुळे पिवळ्यावर तांबूस ठिपके उमटतात. पण मुलाने तो क्रम पाळलाच नाही. हळदीचे हात धुवायला तो नेहमीसारखा रडत मोरीत गेला, साबण लावला आणि तळवा लाल झालेला पाहून गप्प झाला. मग परत आला, पुन्हा हळदीत हात घातला, पुन्हा मोरीत. आजी सांगत होत्या, सात वेळा.

पुढच्या भेटीत आईने एक पिवळा कागद उलगडला. त्यावर तांबूस डाग होते, एकावर एक, कुठेही. “काय आहे रे हे?” मी विचारलं. “सावर. पडली ती,” तो म्हणाला.

हा फोटो ग्रुपवर टाकला का, असं मी आईला विचारलं. “राहिलाच,” ती म्हणाली. “मी मोबाइल आणेपर्यंत त्याने अजून साबण ओतला होता.”