म्युनिकची नोकरी आणि साताऱ्यातले वडील

तुम्ही विचारलंय: म्युनिकची ऑफर हातात आहे, ब्लू कार्डही (शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा जर्मनीतला परवाना) मिळेल, पण आई नाही, वडील एकाहत्तर वर्षांचे, साताऱ्यात एकटे आणि तुम्ही एकुलते एक. मग जावं का, आणि पुढे त्यांना तिकडे नेता येतं का? पगार, टॅक्स, घरभाडं सांगणारे तुम्हाला भरपूर भेटतील. मी फक्त वडिलांचं लिहिते. मी बरीच वर्षं म्युनिकला आहे आणि माझे अण्णा मी इथे असतानाच गेले.

आधी नियम. १ मार्च २०२४ पासून ज्यांना पहिल्यांदा ब्लू कार्ड किंवा तसा परवाना मिळाला, त्यांना आईवडिलांना कायमचं आणायला अर्ज करता येतो. तुम्ही त्यात बसाल. पण त्यांच्या खर्चाची आणि पूर्ण आरोग्यविम्याची सोय दाखवावी लागते आणि घोडं तिथेच अडतं. पंचावन्न ओलांडून नव्याने आलेल्या माणसाला इथला पब्लिक विमा सहसा घेत नाही. खासगीवाले सत्तरीच्या माणसाला, त्यातून बीपी-शुगर असेल तर, एक तर नाही म्हणतात किंवा हप्ता असा सांगतात की आपणच गप्प बसतो. म्हणून 'दोन वर्षांत बाबांना आणतो' या हिशोबावर निर्णय घेऊ नका.

पाहुणे म्हणून मात्र नक्की बोलवा. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मे ते सप्टेंबर बघा. नोव्हेंबरात पाचच्या आत अंधार पडतो, म्हातारं माणूस खिडकीत बसून कंटाळतं.

आणि त्यांना नुसते राजवाडे दाखवत फिरवू नका. अण्णा मिरज डेपोला एसटीत कंडक्टर होते. इथे स्टेशनवर गेट नाही, गाडीत तिकीट विचारायला कुणी नाही, हे त्यांना पटेचना. तिकीट घेऊन आपणच यंत्रात सरकवायचं, शिक्का आपणच मारायचा. पहिला शिक्का मारल्यावर त्यांनी तिकीट डोळ्यांजवळ धरून वेळ वाचली आणि माझंही तिकीट मागून घेतलं. त्यानंतर घरातल्या सगळ्यांची तिकिटं तेच पंच करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा लोकलमध्ये जीन्स घातलेल्या दोघांनी अचानक ओळखपत्रं काढली आणि समोरच्या पोराला ६० युरोंचा दंड लावला. अण्णा जाम खूश! "हे बरोबर हाय. आमचे चेकर लांबनंच दिसायचे, सगळी गाडी सावध." मग पुढचे सगळे दिवस जीन्सवाला चढला की मला कोपर मारून विचारायचे, "ह्यो चेकर असंल काय गं?" नॉयश्वानस्टाइनच्या किल्ल्यावरून आल्यावर एवढंच म्हणाले होते, "चढ लई हाय."

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. म्युनिकहून काहीही करा, साताऱ्याच्या घरात पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस जातो. आपल्याकडे माणूस गेलं की काही तासांत न्यायची घाई. थांबायचं की नाही, हे त्या रात्री भावकीवर सोडू नका. वडिलांशी आधी बोला. आमच्याकडे विषय अण्णांनीच काढला. शेंगा फोडत बसले होते. म्हणाले, "माझ्यासाठी बर्फाची लादी आणायची न्हाई. पोरगी येईल तवा येईल. अग्नी पुतण्या देईल, अस्थी तिनं सोडायच्या." आई करवादली, "तिन्हीसांजेला हे काय बोलणं!" त्यांनी फोडलेले दाणे तिच्या ओंजळीत ओतले आणि पुढची मूठ घेतली.

तसंच झालं. महालक्ष्मी एक्सप्रेसने मी मिरजेत उतरले तेव्हा सगळं उरकलं होतं. कृष्णा घाटावर अस्थी मी सोडल्या. अजूनही यंत्रात तिकिटावर शिक्का पडल्याचा आवाज आला की पोटात तुटतं, ते वेगळं. पण 'पोरीसाठी थांबायला हवं होतं' यावरून घरात एक शब्द झाला नाही. ती भांडणं अण्णांनी आधीच मिटवली होती.

ऑफर लेटरमध्ये रजेचं कलम बघून घ्या. जवळचं माणूस गेल्यावर किती दिवस, हा आकडा कायद्यात नाही. बऱ्याच कंपन्या दोन दिवस देतात, बाकी स्वतःच्या रजेतून.

कागदांचं थोडक्यात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, मृत्युपत्र करायला सांगा. त्याला स्टँप लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. वडिलांनी तुमच्या नावे मुखत्यारपत्र केलं तरी ते त्यांच्या हयातीपुरतंच चालतं, हे बऱ्याच जणांना बँकेच्या काउंटरवर कळतं. तुमचं स्वतःचं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांसाठीचं भारतातलं खातं) करून घ्या. अण्णांची कागदं कंडक्टरच्या जुन्या चामडी बॅगेत होती, लिफाफ्यांवर निळ्या पेनाने लिहिलेलं: घरफाळा, लाईट, पेन्शन, आणि शेवटच्यावर 'मी गेल्यावर उघडणे'. आईची निम्मी पेन्शन सुरू करायला लागणारं सगळं त्यात क्रमाने लावलेलं होतं.

राहिलं जावं का ते. वडिलांना "जाऊ का?" असं विचारू नका, ते हो म्हणणारच. "मी गेल्यावर रात्री छातीत दुखलं तर पहिला फोन कुणाला कराल?" असं विचारा. त्यांनी पटकन नाव घेतलं आणि तो माणूस चालत येण्याइतका जवळ राहत असेल तर बॅग भरा. विचार करत बसले, किंवा "तुलाच करीन" म्हणाले, तर रुजू व्हायची तारीख दोन-तीन महिने पुढे मागून बघा आणि तेवढ्यात तो माणूस शोधा.