गावात राहून लीड ग्रीन असोसिएट परीक्षेची तयारी होईल का?

आर्वीजवळच्या खेड्यात राहून, शिकवणीविना लीड ग्रीन असोसिएट, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींना प्रमाणपत्र देणाऱ्या ‘लीड’ पद्धतीच्या प्राथमिक पातळीवरील परीक्षेची तयारी होईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते निश्चित होईल. दोन तासांत 100 बहुपर्यायी प्रश्न असतात, 125 ते 200 या गुणपट्टीवर 170 गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये.

बहुतेकांची गफलत लीडमधील इमारतींसाठीच्या अनिवार्य अटी आणि गुण मिळवून देणारे निकष यांत होते: अट पाळल्याने एकही गुण मिळत नाही, पण ती मोडली तर इमारतीला प्रमाणपत्रच मिळत नाही. इमारतीच्या 40, 50, 60 आणि 80 या गुणांना अनुक्रमे सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम हे दर्जे मिळतात, एवढे मात्र पाठच करावे.

स्थानिक साहित्य, सावली, वायुवीजन या संकल्पना समजून घेण्यासाठी माती, बांबू व कवेलूंची सेवाग्रामची बापूकुटी एकदा शांतपणे पाहून यावी. पुस्तकातील व्याख्या मग रटावी लागत नाही. अभ्यास सुरू करण्यापूर्वी परीक्षा लीडच्या कोणत्या आवृत्तीवर आहे, हे अधिकृत पुस्तिकेत तपासावे. परीक्षा घरून ऑनलाइन देता येते, तरी आपल्याकडील विजेचा भरवसा पाहता नागपूरचे केंद्र मिळाल्यास तेच निवडावे.