ठिबकची आखणी करताना फूट आणि मीटर

भाऊ, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, अंतर आपण फुटात बोलतो आणि नळी दुकानात मीटरवर मिळते, म्हणून हिशेब पक्का करूनच दुकानात जा. 1 इंच म्हणजे बरोबर 25.4 मिलिमीटर, 1 फूट म्हणजे 30.48 सेंटिमीटर. तोंडी काढायचं तर फुटांना 3 ने गुणून 10 ने भाग, आणि दर 100 फुटांमागे अर्धा मीटर वाढव. 300 फुटी तासाचे, म्हणजे पिकाच्या ओळीचे, 90 अधिक दीड, म्हणजे साडेएक्याण्णव मीटर. खरा आकडा 91.44 आहे, नळी घ्यायला एवढं पुरे.

आखणीत मात्र असं चालत नाही. 4 फूट म्हणजे 121.92 सेंटिमीटर. ते 120 धरून तास पाडत गेलास तर 50 तासांत 96 सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि शेवटचा तास धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, भलतीकडेच येतो. म्हणून वावरात सगळं फुटातच मोज, एकूण बेरीज झाल्यावर एकदाच मीटर कर. 4 फुटी अंतराला एकराला साधारण 3,320 मीटर नळी लागते. वळणं, जोड यांचं वरून धर.

साडेपाच फूट म्हणजे 5 फूट 6 इंच, कॅल्क्युलेटरवर 5.6 टाकू नको, 5.5 टाक. लांब टेपचा शून्य कडीच्या टोकाला आहे की आत छापलाय, तेही आधी पाहून घे. आणि 63 मिमीच्या पाइपाला लोक दोन इंची म्हणतात, 63 हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. पाइप मागताना मिमीच सांग.