'इन विच'चं शेपूट

प्रश्न असा आहे: 'द ऑफिस इन विच आय वर्क' बरोबर की 'द ऑफिस विच आय वर्क इन'? प्रीपोझिशनने वाक्य संपवलेलं चालतं का?

दोन्ही बरोबर. अर्जात, अहवालात, प्रबंधात पहिलं लिहा आणि मोकळे व्हा. डोकं उठतं ते तिसऱ्याच प्रकाराने: 'द ऑफिस इन विच आय वर्क इन'. प्रीपोझिशन पुढे आणलं, पण मागचं काढायचं राहून गेलं. त्याचा जुळा भाऊ म्हणजे 'द प्रोजेक्ट विच आय वर्क्ड'. इथे 'ऑन'चा पत्ताच नाही.

उपाय सोपा आहे. वाक्य मोडून साधं करा: 'आय वर्क्ड ऑन द प्रोजेक्ट'. यात जे प्रीपोझिशन आलं, तेच 'विच'च्या आधी, आणि एकदाच. मराठी प्रत्ययावरून ते ठरवायला गेलात की फसलात. आपला एकटा 'ने' घ्या. ज्या वेगाने: 'द स्पीड ॲट विच'. ज्या सहजतेने: 'द ईझ विथ विच'. ज्या रीतीने: 'द मॅनर इन विच'. ज्या साधनाने: 'द मीन्स बाय विच'. एका 'ने'ची चार प्रीपोझिशनं झाली, आणि सर्रास चारही ठिकाणी 'बाय' ठोकलेलं दिसतं. माणूस असेल तर प्रीपोझिशननंतर 'हूम'. 'टू हू' औपचारिक लेखनात नको.

'विच'च्या जागी येणाऱ्या 'दॅट'च्या आधी मात्र प्रीपोझिशन कधीच येत नाही. 'द हाऊस इन दॅट आय लिव्ह' हे इंग्रजीच नव्हे. जुन्या इंग्रजीत हे काम 'थे' नावाचं एक अविकारी अव्यय करत असे. त्याला विभक्ती नव्हती, त्यामुळे प्रीपोझिशन मागेच क्रियापदापाशी राहायचं. आजचा 'दॅट' त्याच चालीने चालतो. म्हणजे शेवटी प्रीपोझिशन ठेवण्याची रीत हजार वर्षांहून जुनी आहे. तिला दोष ठरवला इंग्रज कवी ड्रायडनने, 1672 मध्ये, आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या चुका काढताना; आणि 1684 च्या आवृत्तीत स्वतःच्या निबंधातली अशी वाक्यंही फिरवून घेतली. लॅटिनमध्ये जमत नाही म्हणून इंग्रजीत नको, हे त्यामागचं तर्कशास्त्र असावं. ते आपण का मानायचं? बंदीचं खापर बिशप लाउथवर फोडणारे तर त्याचं 1762 चं व्याकरण उघडूनही बघत नाहीत. त्याने फक्त गंभीर लेखनात प्रीपोझिशन आधी घेणं जास्त शोभतं एवढंच म्हटलं, आणि आपली भाषा या लकबीकडे झुकते हे सांगणारं वाक्यच 'टू'ने संपवलं!

खरी गंमत 'इन विच'च्याच अर्थाच्या जुन्या 'व्हेअरइन'मध्ये आहे. 'व्हेअर' आधी, 'इन' मागून. 'ज्या' आधी, 'त' मागून: ज्यात! 'व्हेअरबाय' म्हणजे ज्यायोगे, 'व्हेअरअपॉन' म्हणजे ज्यावर. जर्मनमध्ये 'वोरिन' आजही टिकून आहे, डचमध्ये 'वारिन' तर रोजच्या वापरात आहे. इंग्रजीत ही मांडणी करारनाम्याच्या 'इन विटनेस व्हेअरऑफ'मध्ये आणि इतर कायदेशीर मजकुरात टिकली. 'देअरफोर'ही त्याच साच्यातला, पण तो जोडशब्द आहे हे आता कुणाला जाणवतही नाही. माझं ठाम मत आहे की मराठी मुलांना 'इन विच' शिकवण्याआधी 'व्हेअरइन' दाखवावा. साचा ओळखीचा वाटतो, आणि 'इन' त्या शब्दातच दिसत असल्याने तो पुन्हा शेवटी जोडण्याचा मोह होत नाही. व्याकरणाची पुस्तकं मात्र त्याला 'जुनाट' असा शिक्का मारून पुढे जातात. तुमच्या अहवालात तो घालू नका, हे खरं. समजून घ्यायला कुणी अडवलंय?

आणि 'लुक आफ्टर', 'पुट अप विथ' यांसारखी क्रियापदं फोडू नका. 'द चिल्ड्रन आफ्टर हूम शी लुक्स' हे औपचारिक नाही, हास्यास्पद आहे. तिथे 'हूम शी लुक्स आफ्टर' असंच लिहायचं, कितीही मोठ्या साहेबाकडे कागद जाणार असला तरी.