आईला घेऊन भूतानच्या तक्तसांग मठापर्यंत चढून जायचं आहे, नियोजन कसं करावं?

सगळ्यात आधी टूरवाल्याला फोन करा आणि तो दुसरा दिवस बदलून घ्या.

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरअखेर सहा रात्री भूतान, आई ६३ वर्षांच्या, रोज सकाळी पर्वती चढतात, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पारोला विमानानं उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी तक्तसांग ठेवलंय आणि टूरवाला म्हणतो, 'घोडा मिळतो, काळजी नको.' यातलं पर्वती सोडून सगळं मला खटकलं. त्यातही घोडा जास्त, पण त्याकडे नंतर येतो.

मी आई-बाबा आणि मावशीला घेऊन नोव्हेंबरात जाऊन आलो. बाबा तेव्हा ७०चे, मावशी ६६ची. त्यामुळे हे उत्तर फिट मंडळींसाठी नाही. तिशीतला माणूस हा मठ सकाळी करून दुपारी जेवायला हॉटेलवर परत येतो, त्याला नियोजन फारसं लागत नाही.

आधी चढ किती ते बघू. मठ ३,१२० मीटरवर आहे आणि गाडी साधारण २,६०० मीटरपर्यंत जाते. म्हणजे चढाई पाचशे मीटरच्या आसपास. आतकरवाडीतून सिंहगड चढताना आपण जवळपास तेवढंच किंवा थोडं जास्तच चढतो. हे ऐकून सगळ्या पुणेकरांना हायसं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. म्हणजे जिथं तुम्ही गाडीतून उतरून बुटाची नाडी बांधता ती जागाच कळसूबाईच्या जवळजवळ एक किलोमीटर वर आहे. सिंहगडावर आई ज्या वेगानं गप्पा मारत चढतील, त्या वेगानं इथं गप्पा होणार नाहीत. दम लागेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त पावलं छोटी करायची आणि थांबायला लाजायचं नाही.

म्हणूनच दुसरा दिवस नको. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दोन-चार दिवस द्या, आणि भूतानचा रस्ता ती सवय आपोआप करून देतो. पारोला उतरलात की तिथं न थांबता थेट थिंफूला जा, दीड तासाचा प्रवास आहे. थिंफू साधारण २,३०० मीटरवर आहे. तिथं दोन रात्री काढून मग पुनाखा. वाटेत दोचुला खिंड लागते, १०८ चोर्तेन (छोटे बौद्ध स्तूप) असलेली, सगळ्यांच्या फोटोत असते ती. या खिंडीची उंची ३,१०० मीटर, म्हणजे तक्तसांगच्या मठाइतकीच. इथं गाडीतून फोटो काढून पुढे पळू नका. आईंना चोर्तेनच्या पायऱ्यांवरून सावकाश एक प्रदक्षिणा घालू द्या आणि तुम्ही मागून चाला. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, धाप किती वेळात खाली बसते, हे इथंच कळतं. तक्तसांगची रंगीत तालीम म्हणा. आमच्या आईला दोचुलाला डोकं जड झालं होतं, गरम चहा आणि पुनाख्याच्या उतारानं (पुनाखा १,२०० मीटरवर, हवा उबदार) ते गेलं आणि नंतर त्रास झाला नाही. त्रास झालाच असता तर आम्ही तक्तसांगचा विचार दोचुलालाच सोडला असता.

पुनाख्याला एक रात्र, मग उरलेल्या तीन पारोला. तक्तसांग पारोतल्या पहिल्या सकाळी, दुसरी सकाळ राखीव. पाऊस आला, पोट बिघडलं, आईंना झोप लागली नाही, तर ढकलता येतं. काहीच झालं नाही तर त्या दिवशी पारोचा जोंग (किल्ल्यासारखा मठ) बघा किंवा नुसते पाय वर करून पडा. टूरवाले हा राखीव दिवस देत नाहीत, तो मागून घ्यावा लागतो.

आता घोडा. पायथ्याला घोडे मिळतात हे खरं, आणि ते निम्म्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंत नेतात हेही खरं. टूरवाला जे सांगत नाही ते असं, की घोडा फक्त वर नेतो. उतरताना बसू देत नाहीत, वाट तीव्र आणि निसरडी असल्यानं. आणि कॅफेटेरियाच्या पुढे मठापर्यंतचं सगळं पायीच. म्हणजे ज्याच्यासाठी आपण घोडा करतो त्या गुडघ्याचं खरं काम, म्हणजे उतार, तसंच शिल्लक राहतं.

आमच्या मावशीचं नेमकं हेच झालं. ती घोड्यावरून ऐटीत वर आली, आम्ही घामाघूम आणि ती ताजीतवानी. त्या ताजेपणावर ती म्हणाली, आता मठही करते. केला. परत येताना कॅफेटेरियाच्या खाली तिच्या मांड्या थरथरायला लागल्या आणि मग दर वीस पावलांवर बसणं सुरू झालं. जो उतार लोक दीड तासात करतात, त्याला आम्हाला कॅफेटेरियापासूनच अडीच तास लागले. शेवटचा टप्पा मोबाईलच्या उजेडात, गाईडनं एक हात आणि मी दुसरा धरून. पायी चढली असती तर तिला निम्म्यावरच कळलं असतं की आपली ताकद किती आहे. घोड्यानं ते कळूच दिलं नाही.

तेव्हा आईंना घोडा करायचाच असेल तर 'घोड्यानं कॅफेटेरिया, तिथून पायी खाली, बस्स' असं ठरवून करा. मठापर्यंत जायचं असेल तर पायथ्यापासून पायी. हे माझं मत, माझ्या बहिणीला पटत नाही.

तयारीला अजून वेळ आहे आणि पर्वती तुमच्या घराजवळ आहे, हे फार चांगलं. फक्त पर्वती चढण्यासाठी नको, उतरण्यासाठी वापरा. कारण तक्तसांगच्या वाटेवर शेवटी एक गंमत आहे. मठाच्या समोरच्या कड्यावर तुम्ही पोचता, मठ हाकेच्या अंतरावर, डोळ्यांच्या रेषेत दिसतो, आणि मध्ये दरी. आधी शेकडो पायऱ्या उतरायच्या, धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा पायऱ्या चढायच्या. दोन्ही मिळून सातशेच्या वर. येताना तेच उलट. पर्वतीला १०३ पायऱ्या धरल्या तर जाताना सात पर्वत्या आणि येताना सात. आईंनी आतापासून आठवड्यातून दोनदा पर्वती सलग दोन वेळा, मग तीन वेळा चढउतार करावी, उतरताना काठी घेऊन. रविवारी एकदा सिंहगड पायी वर आणि पायीच खाली, जीपनं उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुण्यातच मिळालं. बीपी, शुगर, दमा यातलं काही असेल तर डॉक्टरांना ३,१२० मीटर हा आकडा सांगून विचारा. 'थोडं उंचावर जातोय' असं मोघम सांगू नका.

त्या दिवशीचं वेळापत्रक आमच्या चुकांवरून सांगतो. भूतानचं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास आहे. सातला चालायला लागा, त्यांच्या सातला. आम्ही सव्वानऊला निघालो आणि पुढचं सगळं त्यातूनच बिघडलं. मठ दुपारी जेवणाच्या वेळात काही काळ बंद असतो, त्यात सापडलात तर दाराशी थंडीत बसून राहावं लागतं. तिकीट पायथ्यालाच काढून घ्यायचं, ते विसरून वर गेलात तर मग रडायचंच. तिथंच बांबूची किंवा लाकडाची काठी भाड्यानं मिळते. दोन घ्या, एक तुम्हालाही. लोक लाजतात आणि उतरताना झाडांच्या फांद्या शोधत बसतात.

सुरुवातीला पाण्यावर फिरणारी प्रार्थनाचक्रं लागतात, मग पाइनच्या झाडीतून मातीची नागमोडी वाट. कॅफेटेरियापर्यंतचा हा पहिला टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात दमवणारा. घोडे वरून येताना डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. आईंसोबत याला दोन तास धरा. तिथं पोचलात की चहा, बिस्किटं आणि तासभर विश्रांती. इथं थांबून मगच ठरवा की पुढं जायचं की नाही, आणि ते आईंनाच ठरवू द्या. 'एवढं आलोय तर' हे वाक्य तुम्ही उच्चारायचं नाही.

बाबा आमचे तिथंच थांबले. त्यांना गाईडच्या ओळखीचे एक भूतानी आजोबा मिळाले, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यांनी मोठ्या प्रार्थनाचक्रापाशी बसून चार तासांत किती चहा घेतला कुणास ठाऊक. समोर कड्याला चिकटलेला मठ दिसतच होता. सहलीतला आवडता दिवस कोणता विचारलं की ते अजून तोच सांगतात, आणि मठात गेलेली आम्ही मंडळी जरा ओशाळतो.

पुढं गेलात तर दारापाशी बॅग, मोबाईल, कॅमेरा सगळं जमा करावं लागतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, आत टोपी नाही. चपला-बूट बाहेर, आणि आतली फरशी-लाकूड बर्फासारखं गार. आईंच्या खिशात लोकरीच्या मोज्यांचा एक कोरडा जोड ठेवा, या उत्तरातला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सल्ला.

आत काय बघायचं ते गाईड सांगेल, पण थोडं माहीत असलं की बरं. तक्तसांग म्हणजे वाघिणीचं घर. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून उडत इथं आले आणि या गुहेत ध्यानाला बसले अशी श्रद्धा. बांधकाम १६९२चं, तेन्झिन राबग्ये या राज्यकर्त्यानं केलेलं. १९ एप्रिल १९९८ला मोठी आग लागून मुख्य भाग जळाला. आज दिसतं ते बरंचसं त्यानंतर पुन्हा उभारलेलं, काम २००५मध्ये पुरं झालं. कार्ले, भाजे, लेण्याद्री पाहून मोठे झालेल्या आपल्याला कड्यातला विहार नवा नाही. आपल्याकडं मात्र त्या खोल्या रिकाम्या असतात, फार तर वटवाघळं. इथं आत लोण्याचे दिवे जळत होते आणि कुणीतरी खालच्या आवाजात पुटपुटत होतं. माझी आई चैत्यगृहात शिरल्यावर जशी गप्प होते तशीच तिथं झाली.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. आईंचं मतदार ओळखपत्र असेल तर त्यावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळतंय का बघा, लग्नाआधीच्या नावाचा घोळ आपल्याकडं घरोघरी असतो. रात्रीला माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, सहा रात्री दोघांचे १४,४०० झाले. टूरवाल्याच्या रकमेत ते धरलंय का, हे लेखी विचारा. तक्तसांगचं प्रवेशशुल्क वेगळं, गाईडचे पैसे वेगळे. तिथलं चलन नुल्त्रम आणि आपला रुपया एकास एक, आपल्या शंभराच्या नोटा सगळीकडं घेतात, म्हणून त्याच जास्त न्या. आणि आईंसोबत आहात म्हणून गाईड फक्त तुमच्या दोघांसाठी घ्या, पंधरा जणांच्या गटात नको. गटाचा गाईड सगळ्यात पुढच्या माणसाबरोबर चालतो.

सोबत राजगिऱ्याची चिकी किंवा लाडू, दोघांत दीड-दोन लिटर पाणी, पातळ जर्किन (सकाळी गारठा, अर्ध्या तासात घाम), टॉर्च, आणि बूट दोन महिने वापरून मऊ झालेले. सहलीसाठी म्हणून आदल्या आठवड्यात नवे बूट घेऊ नका.

परतल्यावरचं एक आधीच ठरवून ठेवा. पारोच्या आसपास शेतकऱ्यांच्या घरी गरम दगडांचं स्नान मिळतं, डोत्शो म्हणतात. नदीतले दगड विस्तवात लाल करून लाकडी टबाच्या पाण्यात सोडतात, पाण्यात रानातला पाला घातलेला असतो. दगड तापायला दोन-तीन तास लागतात, त्यामुळं गाईडला सकाळी चढायला लागण्यापूर्वीच फोन करायला सांगा. आम्ही हे उतरल्यावर विचारलं आणि मावशीला त्या रात्री हॉटेलच्या बादलीत पाय बुडवून बसावं लागलं.